मोठ्या भावाची मूठ

आषाढ संपत आला होता. मी ओट्याशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते आणि माझ्या पाठीमागे हेमलता अक्का जेवणाच्या टेबलावर आपल्या नवऱ्याची पदकं मांडत होत्या. टेबलावर ताटं मांडतात, पदकं नाही, असं मी म्हणणार होते. पण अक्का माझी थोरली जाऊ, त्यातून निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना शिस्त शिकवायला जाणं म्हणजे आपलीच फजिती करून घेणं. मी तवा खाली उतरवला आणि पिठाच्या हातांनीच बघायला गेले.

पदकं चार. दोन पासष्टच्या लढाईची. ती माझ्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, स्वतः छातीवर लावलेली, म्हणून त्यांच्या फिती मळलेल्या आणि एकीची पिन वाकलेली. दोन एकाहत्तरची, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. ती पोस्टानं घरी आली तेव्हा लावायला माणूस नव्हता. त्यांच्या फिती अजून कोऱ्या करकरीत आहेत. शेजारी कागद ठेवले होते. कमिशनचा कागद, उड्डाणांच्या नोंदींचं लॉगबुक, ‘बेपत्ता’ म्हणून आलेली तार, लग्नातला एक फोटो आणि आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दिल्लीला पाठवलेल्या पत्रांच्या प्रतींचा गठ्ठा. हा गठ्ठा बाकी सगळ्यापेक्षा जाड होता.

“धुळ्याच्या कॉलेजातून फोन होता,” अक्का म्हणाल्या. “हे शिकले ते कॉलेज. लढाईत कामी आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयात एक खोली करताहेत. पंधरा ऑगस्टला उघडायची आहे. पदकं आणि कागद मागितलेत. मी हो म्हटलं.”

“नानांना विचारलंत?”

“नवरा माझा होता, उषा.”

खरंच होतं. पण आमच्या घरात हे वाक्य इतकं सरळ कुणी कधी बोललं नव्हतं. ‘होता’ हा शब्द तर या घरात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

माझे जेठ फ्लाइट लेफ्टनंट ईश्वर तोताराम देवरे. गाव धुळ्याजवळचं. बॉम्ब टाकणाऱ्या कॅनबेरा विमानात ते नॅव्हिगेटर होते. त्या विमानात दोघंच असतात, एक चालवतो आणि एक रस्ता सांगतो. आमचे जेठ रस्ता सांगणारे. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेला गेलेलं त्यांचं विमान परत आलं नाही. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि अक्का एकवीस वर्षांच्या होत्या. मी या घरात आले त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, धाकट्या भावाची बायको म्हणून. जेठांना मी कधी पाहिलेलं नाही. तरी त्यांच्या वाटणीचं रांधण्यात माझा जन्म गेला, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू नि हरभऱ्याची डाळ अशीतशी मापून घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची. तान्हा असला तरी त्याची मूठ, नोकरीला परगावी असला तरी त्याची मूठ. दळायचं बायकांनी, रांधायचं बायकांनी आणि मोजायचे पुरुष. यावर माझं काय मत आहे ते मी दरवर्षी कानबाईलाच सांगते, ती ऐकून घेते. घरातला माणूस गेला की त्याची मूठ बंद होते. मूठ चालू म्हणजे माणूस आहे.

ईश्वर तोताराम देवरे यांची मूठ आमच्या घरात अजून चालू होती.

त्याचं असं झालं. लढाई संपून वर्ष झालं, कैदी सुटून आले, त्यांत हे नव्हते. मग त्यांच्याच तुकडीतला एक अधिकारी मुद्दाम गावी आला. ओट्यावर बसून, मान खाली घालून त्यानं सांगितलं की, मी दुसऱ्या विमानातून पाहिलं, तुमच्या मुलाच्या विमानानं पेट घेतला आणि ते खाली गेलं. सगळ्या गावानं ऐकलं. सासूबाईंनी, म्हणजे शेवंताबाईंनी, त्याला पाणी दिलं, जेवू घातलं आणि तो गेल्यावर म्हणाल्या, “त्यानी आग देखी. मना पोरगा देखा का?”

झालं. त्या वर्षीच्या श्रावणात त्यांनी पहिली मूठ मोठ्या लेकाची घेतली. सुनेला कुंकू पुसू दिलं नाही, गळ्यातली पोत काढू दिली नाही. अक्का सरकारदरबारी विधवा आणि घरात सवाशीण. गावच्या बायका हळदीकुंकवाला त्यांच्यापर्यंत आल्या की करंडा हातात धरून क्षणभर थांबायच्या आणि मग सासूबाईंकडे बघून बोट टेकवायच्या. ते थांबणं मी पाहिलेलं आहे. सासूबाई चौऱ्याण्णव साली गेल्या. तेव्हा मला वाटलं, आता मूठ बंद होईल. पण त्या श्रावणात नाना सुपाशी बसले आणि डोळ्यांना धारा लागलेल्या असताना त्यांनी भावाची मूठ घेतली. ती आजवर. तोवर आम्ही जळगावला मेहरूणमध्ये घर बांधलं होतं आणि कानबाई आमच्याकडे बसू लागली होती.

कॉलेजचा माणूस पुढच्या आठवड्यात धुळ्याहून बसनं आला. चंदन सोनवणे त्याचं नाव, इतिहास शिकवतो. चांगला मुलगा, चपला दाराबाहेर जोडून ठेवणारा. त्यानं पदकं हातात घेतली नाहीत, रुमालावर ठेवून बघितली. मग पिशवीतून पाटीचा नमुना काढून नानांच्या पुढ्यात ठेवला. वर फोटोची जागा, खाली नाव, त्याखाली जन्म एकोणीसशे बेचाळीस, वीरगती डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर.

नानांनी चष्मा लावला. काढला. परत लावला.

“ही दुसरी तारीख कुणी सांगितली?”

“सरकारी कागदावर आहे, सर.”

“सरकारी कागदावर माझं वय दोन वर्षांनी कमी आहे,” नाना म्हणाले. “म्हणून काय मी दोन वर्षं उशिरा जन्मलो? त्याला पडताना कुणी बघितलं? विमान बघितलं. माणूस बघितला का?”

चंदननं माझ्याकडे बघितलं, मी चहाच्या कपाकडे. अक्का शांतपणे म्हणाल्या, “नाना, तारीख असू द्या.” पण नाना त्या सुरात आले होते. घरात ते कामापुरतं शुद्ध बोलतात, जीव वर आला की अहिराणी. “मी शे तवलग ती तारीख तठे लागनार नही,” असं म्हणून त्यांनी टेबलावरची पदकं, लॉगबुक, तार, फोटो सगळं एका पिशवीत भरलं आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ऐंशीला टेकलेला माणूस. किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधली. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका राग आला की काय करावं कळेना.

चंदन जाताना दारात म्हणाला, “मॅडम, पाटी जन्मतारखेवरही लावता येईल. पण मग बाकीच्या पाट्यांत ती अर्धवट दिसेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवा.” अक्कांनी त्याच्या हातावर शेवेचा पुडा ठेवला आणि कळवते म्हणाल्या.

आता माझी समजूत काय होती ते सांगते. माझीच नाही, सगळ्या घराची. समजूत अशी की ही मूठ, हे कुंकू, हे सगळं अक्कांसाठी चाललंय. बाईनं जन्म काढलाय वाट बघण्यात, तो धागा आपण कशाला तोडायचा? आमचा नीलेश, माझा मुलगा, लहानपणी एकदा बोलून गेला होता की मोठे बाबा मेलेत ना, मग त्यांची मूठ कशाला? नानांनी त्याच्या थोबाडीत दिली होती. त्यानंतर विषय बंद. सून मयुरी आली तेव्हा तिलाही मी पहिल्याच श्रावणात कानात सांगून ठेवलं की मोठ्या बाबांची मूठ आधी असते, का म्हणून विचारायचं नाही. पोरगी बँकेत आहे, हिशोबाला पक्की. पण तिनंही विचारलं नाही.

म्हणून अक्कांनी एकदम पदकं द्यायला काढली तेव्हा मला वाटलं, त्या मन मारून करताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या मेहरूण तलावावर फिरायला गेलो, तेव्हा मी त्यांना जरा फैलावरच घेतलं.

“अक्का, कॉलेजवाले गेले खड्ड्यात. तुम्ही कुणाच्या भिडेला पडून ते देऊ नका. नाना आहेत ना तुमच्या बाजूनं. तुमच्या मनात नसताना…”

“माझ्या मनात काय आहे असं तुला वाटतं?”

“हेच. की ते कधीतरी येतील.”

अक्का थांबल्या. काठावर बाकडं होतं, तिथं बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या रोजच तिथं बसतात, पण त्या दिवशी लवकर बसल्या.

“उषा, तो अधिकारी ओट्यावर बसून बोलला ना, त्याच क्षणी मला कळलं. तो खोटं बोलत नव्हता. तो रडत होता गं. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता सासूबाई हंबरडा फोडतील आणि मग मलाही रडता येईल. त्यांनी फोडला नाही. मग मी कशी रडणार? जिवंत माणसासाठी सुनेनं रडायचं म्हणजे अशुभ.”

मी त्यांच्या शेजारी बसले.

“मला वाटलं, त्यांचं दुःख निवलं की होईल. ते निवलंच नाही. त्या गेल्या तेव्हा मला वाटलं, आता. तर नानांनी मूठ घेतली. काय रडत होते ते, आठवतं? मी म्हटलं, हा भाऊ वेडा होईल. राहू दे एक वर्ष. मग आणखी एक. असं करत म्हातारी झाले.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “मला यांच्यासाठी रडायचंय, उषा. आपल्या घरात, मोठ्यानं, माणसांसमोर. शाळेत मुलं रडली की मी त्यांना जवळ घ्यायचे, आणि मला वाटायचं, या पोरांची किती मजा आहे. कोणी मेलं तर ओरडून रडता येतं. मी तशीच मेले तर ते रडणं माझ्याबरोबरच जाईल. ती पाटी मला तेवढ्यासाठी हवी. कुठेतरी लिहिलेलं असू दे, की हा माणूस गेला.”

तुम्हाला खरं सांगते, मी पन्नासहून जास्त वर्षं या बाईबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला. तिच्या चहात साखर किती ते मला माहीत. ती कुठल्या कुशीवर झोपते ते माहीत. आणि हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि मी ती लपवायला तलावातल्या बगळ्यांबद्दल काहीतरी बडबडले. अक्का हसल्या.

“नानांना सांगा ना मग!” मी शेवटी म्हटलं.

“तू सांगून बघ.”

मी सांगितलं. घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आत. नाना वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, तुमची वहिनी म्हणते मूठ बंद करा, तिला कधीचीच बंद करायची आहे. नानांनी पेपरची घडी घातली.

“ती म्हणणारच,” ते म्हणाले. “आपल्याला ओझं नको म्हणून म्हणते. वहिनीचं मन मोठं आहे. आपण तिच्या मोठेपणाचा फायदा घ्यायचा का? मी भावाला शब्द दिलाय.”

“कधी दिलात?”

“मनात दिलाय.”

आता या माणसापुढे कपाळ फोडून घ्यायचं तरी कुठल्या भिंतीवर? तिला वाटतं हे त्याच्यासाठी, त्याला वाटतं ते तिच्यासाठी, आणि मधल्या मधे मी रोट भाजून मेले. मी तसं म्हटलंही. नाना म्हणाले, भाकरी करपतेय. करपत नव्हती, चूल अजून पेटवलीच नव्हती.

नागपंचमी झाली. कानबाईच्या आदल्या दिवशी सकाळी गावाहून भाऊबंद आले. नानांचे चुलत काका अभिमन आबा, वय नव्वदीच्या घरात, कान पक्के, डोळे अधू. भाऊबंदकीत रीत काय नि बेरीत काय ते त्यांना विचारायचं. त्यांच्या घरच्यांच्या मुठी त्यांनी गावाहूनच बांधून आणल्या होत्या, दरवर्षी आणतात. आमच्या घरच्या तेवढ्या घ्यायच्या राहिल्या होत्या.

बैठकीच्या खोलीत सतरंजी घातली. मधोमध कोरं सूप, एका बाजूला गव्हाची गोणी, दुसऱ्या बाजूला डाळीचा डबा. नाना आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसले. नीलेश त्यांच्या शेजारी. आबा भिंतीला टेकून. मयुरी नि मी दाराशी. आमच्या घरातली रीत अशी की पहिली मूठ घरातल्या मोठ्याची. बाकीच्या त्यानंतर, उतरत्या वयानं. पहिली ईश्वरची, मग सुकलालची, म्हणजे नानांची, मग नीलेशची. नानांनी सदऱ्याची बाही वर केली आणि भावाच्या नावानं गोणीकडे हात नेला.

“थांबा,” अक्का म्हणाल्या.

त्या देवघरातून आल्या होत्या. रोजचीच साडी होती. गुडघे दुखत असताना त्या खाली बसल्या, गोणीत हात घातला आणि गहू घेतले. मुठीतून चार दाणे सतरंजीवर सांडले. जो माणूस बाहेरगावी असतो त्याची मूठ त्याची आई घेते, नाहीतर भाऊ. बायकोनं घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. आबा पुढं वाकून बघायला लागले. नानांचा चेहरा मऊ झाला. मला कळलं त्यांना काय वाटलं ते. त्यांना वाटलं, वहिनीनं यंदा स्वतः नवऱ्याची मूठ घेतली.

अक्कांनी मूठ सुपावर धरली. क्षणभर तशीच धरली. मग हात वळवला आणि गहू परत गोणीत सोडून दिले.

दाणे गोणीत पडल्याचा आवाज काय तो? पण खोलीत प्रत्येकानं ऐकला. मयुरीनं माझा दंड धरला.

“वहिनी,” नाना म्हणाले. “वहिनी, हे काय?”

“बंद केली, नाना.”

“मनाकरता नका करू. इतला वरीस मी तुमनाकरताच मूठ लिधी!”

“अन् मी तुमनाकरता लेवू दिधी,” अक्का म्हणाल्या. शाळेत शिकवून शिकवून घरातही पुस्तकासारखं बोलणाऱ्या माझ्या जावेच्या तोंडून ही बोली मी कितीतरी वर्षांनी ऐकली.

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मी त्यांची बायको, मला दिसत होतं की त्यांना समजलंय. पण समजणं आणि मानणं यांत त्यांचं नेहमीच अंतर असतं. त्यांनी शेवटचा आधार शोधला, आबांकडे वळले.

“आबा, आज मूठ बंद करी तं सुतक लागी. मंग कानबाई कशी बसी?”

खरोखर हा प्रश्न होता. पुरणाची डाळ भिजत घातलेली, भाऊबंद आलेले, उद्या सकाळी देवी बसायची. आबांनी डोळे मिटले.

“वरीस उलटी गयं का मंग दहा दिन नही पायतस,” ते शेवटी म्हणाले. “खबर कानवर पडनी का आंग धुई लेवानं. बस. सुतक सरनं.” मग नानांकडे तोंड करून हळूच म्हणाले, “सुकलाल. खबर आज उनी.” बातमी आज आली, म्हणजे अंग आजच धुवायचं.

नाना उठले. एका हातानं भिंत धरून उठले आणि कुणाकडे न बघता खोलीबाहेर गेले. आधी कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मागचं दार. नीलेश उठायला लागला, तर मी त्याला डोळ्यांनीच बसवलं. मला वाटलं रागानं गेले. मला वाटलं, आता पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसतील, लहान मुलासारखे. अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचा हात अजून गोणीच्या तोंडावर होता.

मग मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला. हौदातून तांब्या भरल्याचा, आणि ओतल्याचा. पुन्हा भरल्याचा, पुन्हा ओतल्याचा. सकाळीच आंघोळ झालेला माणूस. तो आवाज किती वेळ चालू होता. आबांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

नाना आत आले तेव्हा पांढरा सदरा अंगाला चिकटलेला होता आणि पायजम्यातून पाणी गळत होतं. फरशी ओली होत होती, आणि मी एका शब्दानं त्यांना काही म्हटलं नाही. त्यांच्या हातात ती पिशवी होती. ती मात्र त्यांनी कोरडी ठेवली होती, दाराच्या कडीला अडकवून आंघोळ केली असणार. त्यांनी ती अक्कांपुढे ठेवली.

“वहिनी, त्या पोरले सांगा,” ते म्हणाले, “पाटीवर ती तारीख लिखी दे.”

मग ते आपल्या जागेवर बसले. सूप रिकामं होतं. पहिली मूठ घरातल्या मोठ्याची. नानांनी गोणीकडे हात नेला आणि हात तिथंच थांबला. सुपापाशी तो माणूस जन्मभर दुसरा बसलेला. थोरला कसं व्हायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“ल्या, नाना,” अक्का म्हणाल्या. “आते तुम्हीच मोठा.”

नानांनी मूठ भरली. सव्वा मूठ. ओल्या हाताला दाणे चिकटले, ते त्यांनी झटकून सुपात पाडले. मागून नीलेशनं आपली मूठ घेतली. आणि तेवढ्यात अक्का रडायला लागल्या.

मी आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली आहेत, पण ते रडणं वेगळं होतं. शिकलेली, सवरलेली, पंचाहत्तर वर्षांची बाई, गावातल्या बायका रडतात तशी हेल काढून रडत होती. नवऱ्याचं नाव घेऊन. आम्ही कुणी कधी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलेलं नव्हतं. नानाही रडत होते, ओल्या कपड्यांत, हात जोडून. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी अक्कांना पटकन गप्प करीन, उद्या देवी बसायची आहे म्हणून सांगेन. मी नाही केलं. मी जाऊन त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले आणि मलाही आवरेना. ज्या माणसाला मी बघितलं नव्हतं त्याच्यासाठी मी रडले.

आवाज गल्लीत गेला असणार. समोरची कुंदाबाई धावत आली. पिठाचे हात तसेच, पोलक्यालाही पीठ लागलेलं. दारात उभी राहून तिनं सगळ्यांकडे बघितलं, ओल्या नानांकडे, टोपी काढून बसलेल्या आबांकडे.

“काय झालं, उषाताई?”

“नानांचे थोरले भाऊ गेले,” मी म्हटलं.

“अगं बाई! कधी?”

“आत्ताच.”

कुंदाबाईनं पुढे काही विचारलं नाही. तिनं दाराशी चपला काढल्या, आत आली आणि अक्कांजवळ बसली.